पदवी मिळाली, काम कधी मिळणार?

मराठवाड्यातल्या एका गावी आमचा साक्षरतेचा वर्ग चालतो. वर्ग रात्री भरतो. दिवसभर शेतात राबलेली माणसे जेवणखाण उरकून देवळाच्या ओसरीवर येतात आणि पाटी पुढे घेऊन बसतात.

एके रात्री धडा संपला. सारे उठले. एक गृहस्थ मात्र बसूनच राहिले. वय पंचावन्नच्या घरात. गावात लहानथोर त्यांना अण्णा म्हणतात.

"गुरुजी, एक विचारू का? राग नका मानू," अण्णा म्हणाले.

"विचारा की अण्णा."

"माझा थोरला पोरगा पंधरा वर्षं शिकला. बी. ए. झाला. त्याच्या शिक्षणापायी मी दोन बैलांतला एक विकला. आता दोन वर्षं झाली, पोरगा घरी बसलाय. मी तर आत्ता कुठं माझं नाव लिहायला लागलो. मला रोज काम हाय, त्याला न्हाई. मग मी तरी कशापायी शिकू?"

दोघेचौघे हसले. अण्णा हसले नाहीत. आम्हालाही हसू आले नाही. प्रश्न खरा होता, आणि तो एकट्या अण्णांच्या घरचा नव्हता. त्या रात्री आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून हा धडा लिहिला आहे.

अण्णांचे म्हणणे खोटे नाही

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भारतातल्या रोजगारावर एक अहवाल तयार करण्यास हातभार लावला. तो २०२४ साली बाहेर पडला. त्यात २०२२ सालचे आकडे आहेत. लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत काम शोधूनही न मिळालेले शंभरात तीन ते चार होते. पदवीधर तरुणांत असे शंभरात एकोणतीस होते.

म्हणजे अण्णांनी आपल्या घरात जे पाहिले, तेच साऱ्या देशात दिसते.

मग शिकणे वाईट की काय? नाही. हे आकडे नीट वाचले पाहिजेत. निरक्षर माणूस बेकार दिसत नाही, कारण त्याला रिकामे बसणे परवडत नाही. आज काम केले नाही तर संध्याकाळी चूल पेटत नाही. म्हणून तो मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर करतो. त्याचे नाव बेकारांत येत नाही, पण म्हणून त्याचे बरे चालले आहे असे कोण म्हणेल? पदवी झालेला मुलगा मात्र थांबतो. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलेले असते. पुन्हा खुरपेच हातात घ्यायचे, तर एवढे शिकलो कशाला, असे त्याला वाटते. आईबापांनाही तेच वाटते. म्हणून तो शिक्षणाजोग्या कामाची वाट पाहतो. आणि तशी कामे थोडी आहेत.

असे का झाले?

मुंबईचे विद्यापीठ १८५७ साली निघाले. त्या काळी पदवीधर बोटांवर मोजण्याइतके असत. पदवी मिळाली की कचेरीत खुर्ची मिळे. पुढे शिक्षण पसरले. पुण्याला १९४९ साली, मराठवाड्यात १९५८ साली आणि कोल्हापूरला १९६२ साली विद्यापीठ झाले. तालुक्यातालुक्यात कॉलेजे निघाली. शेतकऱ्याची, मजुराची मुले शिकली. मुली शिकल्या. हे फार चांगले झाले.

परंतु पदवीधर जितके वाढले, तितक्या खुर्च्या वाढल्या नाहीत. एक उदाहरण घ्या. २०२३ साली राज्यात तलाठ्यांची भरती निघाली. जागा सुमारे ४,६०० होत्या. अर्ज आले दहा लाखांहून अधिक. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त अर्ज! त्यातल्या एकाला जागा मिळणार. बाकीचे सारे आळशी होते का? बाकीच्यांची बुद्धी कमी होती का? मुळीच नाही. दोनशे माणसे एका बाजेवर झोपू शकत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करा. पदवी होऊन मुलगा किंवा मुलगी घरी असली, तर तो त्यांचा गुन्हा नाही. भावकीत तोंड लपवण्याचे कारण नाही.

पण दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. नुसती वाट पाहून काम चालत येत नाही. काय मागायचे, कोठे मागायचे आणि कसे मागायचे, हे शिकावे लागते.

नाव नोंदवले म्हणजे झाले का?

अण्णांचा मुलगा आम्हाला म्हणाला, "माझं नाव नोंदवलंय. कॉल येईल."

पुष्कळांची अशी समजूत असते. पूर्वी जिल्ह्याला सेवायोजन कार्यालय असे. तेथे कार्ड काढत. १९५९ साली कायदा झाला. सरकारी कचेऱ्यांनी आणि पंचवीस किंवा जास्त नोकर असलेल्या खाजगी मालकांनी रिकाम्या जागा या कार्यालयाला कळवाव्यात, असे त्यात होते. जागा कळवण्याचे बंधन होते. तेथल्याच माणसाला घेण्याचे बंधन नव्हते. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नुसती कार्यालयातून नावे मागवून भागणार नाही, वर्तमानपत्रांतही जाहिरात द्यावी.

म्हणून नाव नोंदवून घरी बसणे म्हणजे बी टाकून पाणी न देणे. नाव जरूर नोंदवा. आता ही नोंद राज्याच्या महास्वयम या संकेतस्थळावर होते. तिला पैसे पडत नाहीत. पत्ता, फोन नंबर किंवा शिक्षण बदलले तर नोंदही बदलून घ्या. पण जाहिराती स्वतः वाचल्या पाहिजेत आणि अर्ज स्वतः केले पाहिजेत.

हक्काचे काय काय आहे?

काही देशांत काम नसलेल्या माणसाला सरकार दरमहा पैसे देते. आपल्या राज्यात घरी बसलेल्या प्रत्येक पदवीधराला असा भत्ता मिळत नाही. कोणी म्हणाला, "पाचशे रुपये द्या, बेकारभत्ता चालू करून देतो," तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मात्र तीन गोष्टी माहीत असाव्यात.

पहिली गोष्ट शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या कायद्याने कारखान्यांत आणि कचेऱ्यांत शिकाऊ उमेदवार घेतात. पूर्वी लोकांना वाटे की, हे फक्त फिटर, वायरमन यांच्यासाठी आहे. तसे नाही. पदवीधरालाही घेतात. २०१९ च्या नियमांत पदवीधर उमेदवाराला महिन्याला निदान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवले होते.

दुसरी गोष्ट कार्यप्रशिक्षणाची. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. ती १८ ते ३५ वर्षांच्या मुलामुलींसाठी होती. पदवीधराला दरमहा १०,००० रुपये ठरले. मुदत आधी सहा महिने होती. २०२५ साली ती अकरा महिने केली. येथे एक सावधगिरी हवी. हे प्रशिक्षण आहे. मुदत संपली की काम संपते. कायमची नोकरी मिळाली असे समजून कर्ज काढू नका. आज जागा आहेत की नाहीत, हे जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात विचारा.

तिसरी गोष्ट रोजगार हमीची. ही आपल्या महाराष्ट्राचीच देणगी आहे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे अशा कामांवर जगली. १९७७ साली राज्याने कायदा केला. काम मागणाऱ्याला काम द्यायचे, पंधरा दिवसांत देता आले नाही तर भत्ता द्यायचा. त्या वेळी भत्ता होता दिवसाला एक रुपया. या कामांसाठी पैसा हवा म्हणून १९७५ पासून पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर घेऊ लागले. म्हणजे शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या माणसाच्या कामाला हात लावला. ही भीक नाही. हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

२००५ साली साऱ्या देशासाठी असाच कायदा झाला. घरटी वर्षाला १०० दिवस काम. पंधरा दिवसांत काम दिले नाही तर पहिले तीस दिवस मजुरीच्या पाव भाग आणि पुढे अर्धा भाग भत्ता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १२५ दिवसांची हमी आहे. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम नाही तर भत्ता, ही गोष्ट त्यातही आहे. मात्र पेरणी-कापणीच्या दिवसांत मिळून ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा आहे. तेव्हा अर्ज करण्याआधी सध्या कोणता नियम चालू आहे, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

"पण बी. ए. झालेल्यानं पाटी-फावडं घ्यायचं?" अण्णांनी विचारले.

हमीच्या कायद्यात शिक्षणाची आडकाठी नाही. अंगमेहनत करायला तयार असलेला कोणीही सज्ञान माणूस काम मागू शकतो. पदवी पेटीत राहते. घामाने ती पुसली जात नाही. फॉर्मची फी, एस. टी. चे भाडे, पुस्तकांचे पैसे यांसाठी बापापुढे हात पसरण्यापेक्षा दोन महिने स्वतःच्या कमाईचे असावेत, यात कमीपणा कसला? तलाठ्याच्या त्या परीक्षेची फीच मुळी १,००० रुपये होती. मागासवर्गीयांना ९०० होती.

पोच म्हणजे काय?

आता या धड्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द शिकू. तो शब्द आहे पोच.

अर्ज दिला की कचेरीतून चिठ्ठी मिळते. तीवर अर्ज मिळाल्याची तारीख, सही आणि शिक्का असतो. ती पोच. तोंडी मागणीला पुरावा नसतो. पोच नसलेल्या अर्जाचीही तीच गत. साहेब म्हणतील, "आमच्याकडे अर्ज आलाच नाही." मग आपण काय दाखवणार?

रोजगार हमीचे पंधरा दिवस कोठून मोजायचे? पोचेवरच्या तारखेपासून. पोच नाही तर तारीख नाही. तारीख नाही तर भत्ता नाही.

दाखल्यांचेही तसेच. नोकरीसाठी रहिवासाचा दाखला लागतो. कोणाला उत्पन्नाचा लागतो, कोणाला जातीचा आणि जातपडताळणीचा. काही दाखल्यांची मुदत संपते. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. दाखले आधीच काढून ठेवा. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा झाला. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा, हे त्याप्रमाणे ठरवून दिले आहे. कचेरीत तसा फलक लावावा लागतो. मुदतीत दाखला मिळाला नाही तर त्याच खात्यात दोनदा अपील करता येते, आणि त्यानंतर आयोगाकडे जाता येते. पण अपील करताना पहिला प्रश्न हाच येतो, "अर्ज कधी केला? पोच दाखवा."

घरातल्यांनी काय करावे?

मुलगा सकाळी उशिरा उठला की बाप बोलतो. पाहुणे आले की विचारतात, "काय, अजून काही नाही का?" मुलगा मान खाली घालतो. हळूहळू तो चारचौघांत यायचा बंद होतो. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची घाई होते, आणि तिची पदवी पत्रिकेवर छापण्यापुरती उरते. घरच्यांनी असे होऊ देऊ नये. टोमणा मारून कोणाला नोकरी लागलेली नाही.

त्याऐवजी शांतपणे बसून मुदत ठरवा. परीक्षेचा अभ्यास करायचा आहे? ठीक आहे. किती वर्षे? राज्य सरकारच्या पुष्कळ पदांना खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांपर्यंत वय चालते. म्हणून कोणी तोवर थांबत राहिला, तर तारुण्य फॉर्म भरण्यातच जाईल. दोन किंवा तीन वर्षे ठरवा. तेवढ्या काळात अभ्यासाबरोबर एखादे काम हाताशी ठेवा. दुकानाचा हिशोब असो, शिकवणी असो, मोटार दुरुस्ती असो. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, असे आपले वाडवडील म्हणत. आज शेतीची दशा पाहून ते जसेच्या तसे म्हणवत नाही. पण नोकरी म्हणजेच काम असे नाही, एवढे त्यातून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. नोकरीसाठी कोणालाही पैसे देऊ नका. "साहेब आपल्या ओळखीचे आहेत, पाच लाखांत काम होईल," असे सांगणारे फार भेटतात. जमीन विकून पैसे देणारेही आहेत. खोटे नेमणूकपत्र हातात येते आणि माणूस नाहीसा होतो. पैसे तर जातातच. वर लाच दिल्याचा बट्टा आपल्यालाच लागतो.

सोळावा दिवस

अण्णांच्या घरी पुढे काय झाले ते सांगतो.

२०२५ चा उन्हाळा होता. २००५ चाच कायदा चालू होता. घराचे जॉब कार्ड होतेच. मुलाने काम मागण्याचा अर्ज लिहिला. आधी तो लाजत होता. अण्णा म्हणाले, "मी या वयात पाटी घेऊन बसतो. मला न्हाई लाज, तुला कशाची?" अर्ज देऊन मुलगा परत येऊ लागला. अण्णा दारात उभे होते. त्यांनी विचारले, "पोच घेतली का?" मुलाने घेतली नव्हती. अण्णांनी त्याला पुन्हा पाठवले. तासाभराने पोच आली. ती त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली.

रोज सकाळी ते एक रेघ मारत. पंधरा रेघा झाल्या. काम निघाले नाही. सोळाव्या दिवशी अण्णा स्वतः पोच घेऊन ग्रामपंचायतीत गेले.

"काम निघेल, घाई काय आहे?" तेथे उत्तर मिळाले.

अण्णांनी पोच पुढे धरली आणि बोट ठेवून तारीख वाचली. मोठ्याने वाचली. अडखळत वाचली, पण बरोबर वाचली. मग म्हणाले, "आज सोळावा दिवस हाय. मजुरी तीनशेबारा. पाव भाग अठ्ठ्याहत्तर रुपये. आजपासून भत्त्याचा अर्ज लिहितो."

दोनच दिवसांत पाणंद रस्त्याचे काम निघाले. भत्ता मागण्याची पाळी आली नाही. अण्णांच्या मुलाबरोबर गावातल्या आणखी अकरा जणांना काम लागले. त्यांतले दोघे पदवीधर होते. ते आजवर लाजेने गप्प होते.

मुलाला अजून कायमची नोकरी लागलेली नाही. खोटे कशाला सांगावे? तो आता तालुक्याच्या गावी एका बियाण्यांच्या दुकानात हिशोब लिहितो. सकाळी अभ्यास करतो. शिकाऊ उमेदवारीचे दोन अर्ज त्याने केले आहेत. दोन्हींच्या पोचा देव्हाऱ्यात आहेत.

आणि अण्णा? "मी कशापायी शिकू?" हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारलेला नाही. मुलाची पंधरा वर्षे आणि बापाचे पाच महिने एका कागदापाशी भेटले. मुलाने अर्ज लिहिला, बापाने पोच वाचली. दोघांचेही शिक्षण कामी आले.

ध्यानात ठेवा

१. पदवी होऊन काम नसणे हा गुन्हा नाही. जागा थोड्या आणि मागणारे फार आहेत.
२. नाव जरूर नोंदवा, पण त्यावर विसंबून राहू नका. जाहिराती वाचा, अर्ज करा.
३. दाखले आधी काढा. त्यांची मुदत तपासा.
४. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. तारीख, सही, शिक्का पाहा.
५. नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.
६. कोणत्याही कामाची लाज बाळगू नका, आणि हक्क मागण्याचीही नको.

तुमच्या घरी एखादा अर्ज पडून असेल. आज तो शोधा. त्याची पोच आहे का ते पाहा, आणि तीवरची तारीख स्वतः वाचा.